रोबोच्या चित्रामागचा मल्टिमीटर: विद्यार्थ्यांसाठीच्या एका अभियांत्रिकी कार्यशाळेचे परीक्षण

दहावीत शिकणारी माझी मुलगी अलीकडेच बारा आठवड्यांची एक अभियांत्रिकी कार्यशाळा पूर्ण करून आली. नववी ते बारावीच्या वयाच्या सोळा विद्यार्थ्यांसाठी असलेल्या या कार्यशाळेत आठवड्यातून दोनदा, प्रत्येकी अडीच तास, स्वतःच्या हाताने वस्तू घडवत अभियांत्रिकीची ओळख करून दिली जाते. मी स्वतः भौतिकशास्त्र शिकवते. त्यामुळे आयोजकांची परवानगी काढून चोवीसपैकी एकोणीस सत्रांना मी मागच्या बाकावर बसले, आणि पुढील मते त्या निरीक्षणावर आधारलेली आहेत. संस्थेचे नाव मी मुद्दाम देत नाही, कारण ज्या उणिवांविषयी लिहिणार आहे त्या अशा कोणत्याही कार्यशाळेत शिरू शकतात आणि प्रवेश घेण्यापूर्वी त्या कशा ओळखाव्यात, हे सांगण्यात मला अधिक रस आहे.

माहितीपत्रकावर चार चाकांच्या रोबोचे आणि ड्रोनचे चित्र होते. ड्रोन बारा आठवड्यांत एकदाही दिसला नाही. पहिल्या दिवशी कपाट उघडले तेव्हा त्यातून विजेची मापे घेणारे आठ डिजिटल मल्टिमीटर, बारीक जाडी मोजणारे आठ व्हर्नियर कॅलिपर, चार ताणकाटे आणि वजनांचा एक संच बाहेर आला, तेव्हा मुलांचे चेहरे पडले आणि मला मात्र बरे वाटले. या कार्यशाळेसाठी शुल्क भरावे असे जे काही आहे ते त्या कपाटात होते, हे माझे मत शेवटच्या दिवशीही बदलले नाही.

पहिला आठवडा केवळ मोजमापाचा होता. प्रत्येकाला लाकडाच्या त्याच वीस काड्या देऊन त्यांची जाडी ०.०२ मिलिमीटर लघुतम मापाच्या व्हर्नियरने मोजायला सांगितले आणि सर्वांची उत्तरे फळ्यावर लिहिली. एकाच काडीची सोळा वेगवेगळी मापे पाहून वर्गात वाद झाला. कोणी जबडे जोराने आवळले होते, कोणी काडीच्या टोकाशी मोजले होते, कोणी शून्य त्रुटी, म्हणजे जबडे मिटलेले असतानाही दिसणारे माप, पाहिलीच नव्हती. मार्गदर्शकांनी वाद थांबवला नाही; चर्चा होऊ दिली आणि मग १९९९ मध्ये मंगळाजवळ नष्ट झालेल्या मार्स क्लायमेट ऑर्बिटर या यानाची हकिकत चार वाक्यांत सांगितली. एका संगणक प्रणालीने आवेगाचे आकडे पौंड-बल-सेकंदात दिले, दुसरीने ते न्यूटन-सेकंदात आहेत असे धरले; या दोन एककांत सुमारे ४.४५ पटींचा फरक असल्याने यानाच्या मार्गाचा हिशेब चुकत गेला आणि ते मंगळाच्या नियोजित उंचीपेक्षा फार जवळून गेले. हकिकत संपताच पुन्हा काड्या हातात. माझी मुलगी त्या दिवशी घरी येऊन वैतागली होती. रोबो शिकायला गेले आणि काड्या मोजून आले, अशी तिची तक्रार होती.

याच आठवड्यात कार्यशाळेचा एक नियम लागू झाला. कोणतीही चाचणी घेण्यापूर्वी तिचा निकाल काय येईल याचा आकडा प्रयोगवहीत शाईने लिहायचा, आणि चाचणीनंतर तो खोडायचा नाही. मी वीस वर्षे प्रयोगशाळेत मुलांच्या वह्या तपासत आले आहे आणि त्यांतील बहुतेक निरीक्षणे उत्तर माहीत असल्यामुळे बरोबर आलेली असतात, हे मला पक्के ठाऊक आहे. या एका नियमाने ती पळवाट बंद केली.

दुसऱ्या ते चौथ्या आठवड्यातील पुलाचा प्रकल्प हा संपूर्ण अभ्यासक्रमातील सर्वांत भरीव भाग होता, म्हणून त्याविषयी सविस्तर लिहिते. पन्नास सेंटिमीटरचे अंतर ओलांडणारा, स्वतःचे वजन शंभर ग्रॅमपेक्षा कमी असलेला पूल काड्या आणि पांढरा डिंक यांतून तयार करायचा, त्याच्या मधोमध बादली टांगायची आणि पूल मोडेपर्यंत तिच्यात वाळू ओतायची, असे कामाचे स्वरूप होते. पूल किती वजनाला मोडेल याबरोबरच तो नेमका कोठे मोडेल हेही आधी लिहायचे होते. मुलीने पट्टी आडवी धरून आणि उभी धरून वाकवून पाहिली होती आणि पट्टीची उभी उंची दुप्पट केली की ताठरपणा आठपट होतो हे तिला माहीत होते, त्यामुळे तिने कैची, म्हणजे पुलाची त्रिकोणांची चौकट, भरपूर उंच घेतली. तिचा अंदाज बारा किलोचा होता आणि मोडण्याची जागा म्हणून तिने खालच्या बाजूचा एक सांधा दाखवला होता.

पूल ७.४ किलोला मोडला, आणि सांधे सर्व शाबूत राहिले. वरच्या बाजूची एक लांब काडी दाबाखाली बाजूला धनुष्यासारखी वाकली आणि मग तडकली. मार्गदर्शकांनी उत्तर न देता तिला दोन मोकळ्या काड्या दिल्या, एक पूर्ण लांबीची आणि एक अर्धी, आणि दोन्ही टेबलावर उभ्या धरून वरून तळहाताने दाबायला सांगितल्या. अर्धी काडी मोडायला कितीतरी अधिक जोर लागतो हे हाताला कळल्यावरच फळ्यावर गणितज्ञ लिओनार्ड ऑयलर यांचे सूत्र आले. सडपातळ खांब ज्या भाराला बाजूला वाकतो तो भार लांबीच्या वर्गाच्या व्यस्त प्रमाणात असतो, म्हणजे लांबी निम्मी केली तर तोच खांब चौपट भार पेलतो. काडीची लांबी कमी करण्यासाठी पूल लहान करावा लागत नाही; तिला मध्यावर दोन्ही बाजूंनी आडवा आधार दिला की ती बाजूला सरकू शकत नाही आणि एका लांब खांबाऐवजी दोन आखूड खांबांसारखी वागते.

दुसऱ्या पुलात मुलीने वरच्या काड्यांना असे आधार दिले. त्यामुळे पुलाचे वजन फक्त सहा ग्रॅमने वाढले. आता तिचा अंदाज सत्तावीस किलोचा होता, कारण सूत्राने दिलेल्या चौपटीतून तिने थोडी खबरदारीची सूट वजा केली होती. पूल १९ किलोला मोडला, आणि या वेळी खरोखरच सांध्यावर मोडला. पहिल्या वेळी चुकलेले भाकीत दुसऱ्या वेळी खरे ठरले होते, पण वेगळ्या कारणाने. एक कमकुवत जागा दुरुस्त केली की भार पुढच्या कमकुवत जागेचा शोध घेतो, हे वाक्य मी वर्गात अनेकदा उच्चारले असेल. एकोणीस किलो वाळू जमिनीवर सांडलेली पाहताना त्याचा अर्थ सांगावा लागत नाही. डिंकाचा थर सुकायला पुरी रात्र लागते आणि तिने तीन तासांतच चाचणी घेतली होती, हेही नंतर तिनेच वहीत नोंदवले.

येथे दोन मार्गदर्शकांविषयी लिहायला हवे. एक यंत्र अभियंता होते आणि त्यांची मांडणी नेटकी होती. दुसरे गृहस्थ आयुष्यभर लेथवर काम केलेले कारागीर होते आणि माझ्या मते कार्यशाळेचा खरा आधार तेच होते. मुलाच्या हातातील अवजार ते कधीही काढून घेत नसत. कोणी कानस उलटसुलट घासत असेल तर ते शेजारी उभे राहून दोन्ही हात पाठीमागे बांधत आणि एवढेच विचारत, "परत आणताना ती काय कापते?" कानशीचे दात पुढे जाताना कापतात, मागे ओढताना दाबले तर केवळ बोथट होतात. मूल थोडा वेळ पाहत राही, मग कानस उचलून परत आणू लागे. शिक्षक म्हणून मला ती पाठीमागे हात बांधण्याची सवय अवघड वाटते आणि तिचा हेवाही वाटतो.

विजेच्या भागाची, म्हणजे पाचव्या ते सातव्या आठवड्याची, सुरुवात चांगली झाली. एलईडीच्या दोन टोकांमध्ये सुमारे दोन व्होल्ट खर्च होत असतील आणि पुरवठा पाच व्होल्टचा असेल तर धारेला अडवणाऱ्या २२० ओहमच्या रेझिस्टरमधून सुमारे १३.६ मिलिअँपिअर धारा जाईल, हे आधी लिहून मग मल्टिमीटरने पाहिले गेले. धारा मोजण्यासाठी मीटर परिपथात एकसरीत जोडावा लागतो. घाईत तो समांतर जोडणाऱ्या तिघांनी मीटरमधील फ्यूज उडवले. फ्यूज बदलायलाही त्यांनाच लावले, हे योग्य झाले.

त्यानंतर आर्डुइनो ऊनो हा प्रोग्रॅम चढवून दिवे, मोटर आणि संवेदक चालवता येणारा छोटा इलेक्ट्रॉनिक फलक आला आणि दर्जा घसरला. फलकाची निवड चुकीची नव्हती. २००५ मध्ये इटलीतील इव्रिया येथे, अभियांत्रिकीची पार्श्वभूमी नसलेल्या रचनाशास्त्राच्या विद्यार्थ्यांना वापरता यावा म्हणून आकाराला आलेल्या या उपक्रमाचा ऊनो हा फलक आजही शिकण्यासाठी उत्तम आहे. १६ मेगाहर्ट्झचा प्रोसेसर, ३२ किलोबाइट प्रोग्रॅम स्मृती, चौदा डिजिटल पिना आणि सहा अ‍ॅनालॉग इनपुट, एवढ्या मर्यादेत आत काय चालले आहे ते मुलाला समजू शकते. अडचण अशी झाली की प्रत्येक सत्राचा प्रोग्रॅम आधीच लिहून ठेवलेला होता. मुले तो उतरवून घेत, फलकावर चढवत, दिवा लुकलुके आणि सत्र संपे. सहा सत्रांपैकी निदान चार सत्रांत शाईच्या अंदाजाचा नियम कोणालाच आठवला नाही, कारण अंदाज करण्यासारखे काही उरलेच नव्हते.

अपवाद अल्ट्रासॉनिक संवेदकाचा. एचसी-एसआर०४ हा संवेदक ४० किलोहर्ट्झचा ध्वनी सोडतो आणि प्रतिध्वनी परत येण्यास लागलेला वेळ कळवतो. त्या दिवशी छपाईतील चुकीमुळे दिलेल्या प्रोग्रॅममध्ये दोनने भागायचे राहून गेले होते आणि पन्नास सेंटिमीटरवरची भिंत पडद्यावर शंभर सेंटिमीटर दिसत होती. ध्वनी जातो आणि परतही येतो, हे एका नववीतल्या मुलाने मोजपट्टी हातात धरून शोधून काढले. त्या तीन आठवड्यांतील सर्वांत चांगले सत्र अशा प्रकारे चुकून घडले. मऊ पडद्यासमोर आणि तिरप्या पृष्ठभागासमोर हाच संवेदक का फसतो, याचा शोध मग मुलांनी स्वतःहून घेतला.

आठव्या आणि नवव्या आठवड्यातील त्रिमितीय मुद्रणाविषयी (थ्रीडी प्रिंटिंग) फार लिहिण्यासारखे नाही. सोळा मुलांसाठी एकच यंत्र होते, मुठीएवढी वस्तू तयार व्हायला काही तास लागत होते, आणि उरलेला वेळ पडद्यासमोर आकृत्या फिरवण्यात गेला.

सोल्डरिंगचे, म्हणजे वितळलेल्या धातूने तारा जोडण्याचे, प्रशिक्षण मात्र नीट झाले. आधी तार आणि फलकावरील तांब्याची चकती तापवायची, मग त्यांना धातू लावायचा, टोकावर वितळलेला थेंब सांध्यावर ठिबकवायचा नाही, हे तंत्र प्रत्येकाकडून वीस-वीस सांधे करवून घेऊन पक्के करण्यात आले. साधारण ३५० अंश सेल्सिअस तापलेल्या टोकाजवळ डोळ्यांवर संरक्षक चष्मा हवा, यावर कटाक्ष होता. धुराच्या बाबतीत तो नव्हता. सांधा नीट जुळावा म्हणून वापरल्या जाणाऱ्या फ्लक्स या द्रव्याचा धूर श्वसनाला त्रासदायक असतो आणि खोलीत केवळ एक खिडकी उघडी होती. मी ही बाब आयोजकांच्या लक्षात आणून दिल्यावर पुढच्या सत्रात टेबलावर दोन पंखे आले, जे धूर एका मुलाच्या तोंडावरून दुसऱ्याच्या तोंडावर नेत होते. धूर ओढून घेणारी सोय नसेल तर एका वेळी आठ जणांना सोल्डरिंग करायला बसवू नये.

शेवटचे तीन आठवडे स्पर्धेचे होते. चार जणांच्या गटाने अर्धा किलोचे वजन घेऊन पंधरा अंशांचा चढ चढणारी गाडी तयार करायची होती. स्पर्धेतून अभियांत्रिकी शिकवण्याचा हा मार्ग नवा नाही. मॅसॅच्युसेट्स इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजीमध्ये प्राध्यापक वुडी फ्लॉवर्स यांनी १९७० च्या दशकात नावारूपाला आणलेल्या यंत्ररचनेच्या अभ्यासक्रमात प्रत्येक विद्यार्थ्याला सुट्या भागांचा सारखाच संच मिळे आणि त्यातून त्याने स्वतःचे यंत्र करून स्पर्धेत उतरायचे असे. पुढे अमेरिकी संशोधक डीन केमन यांनी १९८९ मध्ये स्थापन केलेल्या फर्स्ट या संस्थेच्या शालेय स्पर्धांनाही फ्लॉवर्स यांचा हातभार लागला. त्या जुन्या अभ्यासक्रमात संच प्रत्येकाला मिळत होता, ही गोष्ट मला महत्त्वाची वाटते. येथे तो चौघांत एक होता.

चौघांत एक संच असला की काय होते, ते मी आठवडाभर घड्याळ लावून पाहिले. माझ्या मुलीच्या गटात स्क्रूड्रायव्हर जवळजवळ सर्व वेळ एकाच मुलाच्या हातात होता, दुसरा संगणकासमोर होता, मुलीकडे वही होती आणि चौथी मुलगी गाडीला रंग देत होती. इतर गटांतही वही आणि रंग हे मुलींच्याच वाट्याला आले होते, असे कोणी ठरवलेले नसताना. मी हे सांगितल्यावर कारागीर गृहस्थांनी दर चाळीस मिनिटांनी कामे बदलण्याचा नियम केला, तेव्हा स्क्रूड्रायव्हरवाला मुलगा पहिल्यांदा वहीपाशी आला आणि मागची पाने वाचू लागला. ज्या शिक्षणाचे नावच हाताने शिकणे असे आहे, त्यात चौघांत दोन हात पुरत नाहीत.

कामे बदलल्याचा परिणाम लगेच दिसला. त्यांची गाडी सपाटीवर धावत होती आणि चढावर थांबत होती. दोन दिवस सर्वांनी प्रोग्रॅमला दोष दिला. तिसऱ्या दिवशी, रंग देणाऱ्या मुलीच्या हातात मल्टिमीटर आला आणि तिने चाके अडवून धरलेली असताना दोन ठिकाणी विभवांतर मोजले: बॅटरीच्या टोकांशी ५.८ व्होल्ट, मोटरच्या टोकांशी ४.१. मधले १.७ व्होल्ट मोटर चालवणाऱ्या एल२९८एन या चिपमध्ये उष्णतेच्या रूपाने जात होते. ही जुन्या धाटणीची चिप असून तिच्यातील ट्रान्झिस्टरांवर एवढा व्होल्टेज खर्च होणे हा तिचा स्वभावच आहे. मॉसफेट या नव्या प्रकारच्या ट्रान्झिस्टरांच्या चिपमध्ये तो बराच कमी होतो, परंतु कपाटात तशी चिप नव्हती. मग गटाने चाकांकडे पाहिले. मोटरच्या तेवढ्याच पिळाला, म्हणजे फिरवण्याच्या जोराला, लहान चाक जमिनीवर अधिक जोर लावते, म्हणून ६५ मिलिमीटर व्यासाच्या चाकांऐवजी त्यांनी ४० मिलिमीटरची चाके मुद्रित करून घेतली आणि जोर सुमारे १.६ पट होईल, वेग त्याच प्रमाणात घटेल, असे शाईने लिहिले. चाके घसरली. त्यांवर रबर बँड चढवले आणि गाडी मुंगीच्या गतीने वर गेली. स्पर्धेत त्यांचा तिसरा क्रमांक आला. पहिला क्रमांक मिळालेल्या गाडीच्या वहीत चाचणीचे एकही पान नव्हते, आणि गुणदानात वहीला काहीच स्थान नव्हते, ही मला आयोजकांची सर्वांत मोठी चूक वाटते. जो नियम पहिल्या आठवड्यात इतक्या काटेकोरपणे शिकवला, त्याला बक्षिसाच्या दिवशी विसरून चालत नाही.

प्रमाणपत्र सर्वांना मिळाले. त्यावर रोबोचे चित्र आहे.

मुलाला विजेच्या खेळण्यांची आवड आहे आणि सुटीत त्याचा वेळ बरा जावा एवढीच अपेक्षा असेल, तर या कार्यशाळेचे पहिले चार आठवडे त्याला कंटाळवाणे वाटतील आणि मधले तीन सोपे. घरी फलक घेऊन जो स्वतःच प्रोग्रॅम लिहितो त्याने मधल्या भागासाठी येथे येण्याची गरज नाही. ज्याला गणित जमते पण ते कोठे लागते हे दिसत नाही, किंवा ज्याच्या हातात अवजार कधी टिकलेच नाही, त्याला मी ही कार्यशाळा निःसंकोच सुचवीन. प्रवेशापूर्वी रोबो कोणता आहे हे विचारण्यापेक्षा तीन गोष्टी विचाराव्यात: किती मुलांमागे एक संच आहे, बनवलेली वस्तू मोडेपर्यंत तपासली जाते का, आणि प्रयोगवहीला गुण आहेत का. पुढील तुकडीपासून गट दोघांचे करण्याचे आयोजकांनी मान्य केले आहे. वहीच्या गुणांबाबत त्यांचे उत्तर अद्याप आलेले नाही.